गौरे, तीन नंबर राहिला!

चहा घ्या आधी. आणि हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगते. असा काही पराक्रम केलाय मी, की अजून आठवला तरी कान गरम होतात.

माझी गौरी घोड्यावरून उड्या मारते. आमच्या बिल्डिंगमधले म्हणतात, "अहो, उड्या घोडा मारतो, ती नुसती वर बसते!" अरे, नुसतं वर बसून दाखवा ना एकदा! समोर मीटरभर उंचीवर दांडा, खाली धावतं जनावर, आणि वर माझी चौदा वर्षांची पोरगी. दांडा पाडायचा नाही, क्रम चुकवायचा नाही, आणि पडायचं तर अजिबात नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी घोड्यावर बसलेलं नाही. माझा नवरा दिलीप वरातीत बसला होता तेवढाच, तोही डोळे गच्च मिटून.

मी स्वतः कबड्डीवाली. लग्न होईपर्यंत मुलुंडच्या मैदानात खेळले. कबड्डीत आत सात जणी खेळतात, पण खरा सामना बाहेरचे खेळतात. "पाय बघ पाय!" "बोनस घे गं!" लाइनीबाहेरून घसा फोडला नाही आणि आपली पोरगी बाद झाली, तर ते पाप आपल्याला लागतं, असंच आम्ही मानत आलो. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मला शिव्या घालताना जरा हात आखडता घ्याल.

तर दिवाळीच्या सुट्टीत आरेच्या आतल्या बाजूला एका रायडिंग स्कूलमध्ये तीन दिवसांचं क्लिनिक होतं. क्लिनिक म्हणजे शिबिरच. बाहेरून मोठे शिक्षक येतात आणि तीन दिवस तुमच्या चुका काढतात. शिकवायला आले होते एक कर्नलसाहेब. मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यातून रिटायर झालेले. त्यांनी नुसतं बघितलं तरी पोरं ताठ व्हायची. पोरंच कशाला, दिलीपसुद्धा पोट आत घ्यायचा.

पहिल्याच दिवशी कर्नलसाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, शेवटच्या दिवशी छोटी स्पर्धा होईल, आणि जो जिंकेल त्याला शाळेचा गोट्या पूर्ण सीझन स्पर्धांसाठी मिळेल. गोट्या म्हणजे घोडा. कागदावर त्याचं नाव सिल्व्हर थंडर वगैरे आहे, पण तबेल्यात त्याला गोट्याच म्हणतात. दुसरी गोष्ट, स्पर्धा चालू असताना बाहेरून कोणी स्वाराला मदत केली, तर स्वार बाद!

आता स्वतःचा घोडा घेणं आपल्यासारख्याचं काम आहे का? आमच्या बोरिवलीच्या वन बीएचकेत सायकल ठेवायला जागा नाही. गोट्या मिळाला तर गौरी स्पर्धांना जाणार, नाही मिळाला तर वर्षभर रेलिंगला टेकून दुसऱ्यांच्या उड्या बघणार. एवढं सोपं गणित होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्पर्धेचा नकाशा मिळाला. नऊ जंप. कर्नलसाहेबांनी पोरांना शिकवलं होतं, की आधी कोर्स पायी चालायचा आणि पावलं मोजायची. माणसाची चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. झालं! आम्ही घरी हॉलमध्ये कोर्स मांडला. पाट, स्टूल, वायपर, फोल्डिंगची खुर्ची. सोफा चार नंबर. गौरी पुढे, मी मागे, "एक, दोन, तीन, चार, ढांग!" खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. रात्री जेवेपर्यंत मला तो कोर्स असा पाठ झाला, की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवला असता.

आणि इथेच वाट लागली. कारण थोडंसं कळायला लागलं की माणूस गप्प बसत नाही, आणि मी तर मुळातच गप्प बसत नाही. तिन्ही दिवस मी रेलिंगपाशी उभी राहून बाकीच्या आईबापांना ज्ञान वाटत होते. त्या बाहेरच्या मदतीच्या नियमावर तर माझं भाषणच झालं होतं! अंधेरीच्या रेवाची मम्मी बिचारी मान हलवत ऐकायची.

तिसऱ्या दिवशी स्पर्धा झाली. आणि माझी गौरी नऊच्या नऊ जंप साफ मारून आली! एक दांडा हलला नाही. मला तर रडूच फुटलं. मुलुंडला माझ्या भावाला लगेच फोन लावला, पण आरेत नेटवर्क कुठलं मिळायला? म्हणून गेटपर्यंत चालत गेले. "अरे, तुझ्या भाचीने काय केलंय माहितेय का?" इथून सुरू केलं ते पंधरा मिनिटं सोडलं नाही त्याला.

परत येऊन बघते तर गौरी गोट्यावर बसून पुन्हा मैदानात! रेवासुद्धा साफ आली होती, म्हणून दोघींत जंप-ऑफ, म्हणजे वेळेवरची निर्णायक फेरी, लागला होता. रेवाचा होऊनही गेला होता. मी धावत रेलिंग गाठलं. गौरीने एक नंबर मारला, झकास. दोन नंबर, झकास. आता उजवीकडे वळून तीन...

आणि ती वळली डावीकडे!

पोरगी कोर्स विसरली! मग काय, नियम गेला, भाषण गेलं, आतली कबड्डीवाली बाहेर आली.

"गौरे! तीन नंबर राहिला! मागे फिर! मागे फिर गं!"

अख्खं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. गौरी सोडून. मला वाटलं, हिला ऐकू गेलं नाही. म्हणून मी ओढणी काढून हातात घेतली आणि रेलिंगच्या कडेकडेने धावायला लागले. "तीन! तीन! सोफ्याच्या आधीचा!" मागून दिलीप, "संध्या, अगं संध्या!" गोट्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि असा सुटला म्हणता! तीन दिवस डुलत चालणारा तो घोडा, पण त्या दिवशी जिवावर बेतल्यासारखा धावला. गौरीने शेवटचा जंप साफ मारला, घड्याळ थांबलं, आणि ती रेवापेक्षा पुढे होती.

मी धापा टाकत म्हटलं, "पण तीन..."

दिलीप माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "जंप-ऑफला कोर्स छोटा करतात. सहाच जंप होते. तू फोनवर होतीस तेव्हा सांगितलं सगळ्यांना."

धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला. आणि एवढ्यात रेवाची मम्मी कर्नलसाहेबांसमोर उभ्या! बाई सरळ आहेत, पण पोरीच्या बाबतीत वाघीण. मीही तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू?

"सर, ही बाहेरून मदत झाली ना? गौरी बाद व्हायला पाहिजे. आणि ह्या साध्या पॅरेंट नाहीत हां, ह्यांना घोड्यातलं सगळं कळतं. तीन दिवस आम्हाला ह्याच शिकवतायत!"

कर्नलसाहेब माझ्याकडे वळले. "असं? काय काय शिकवलंत?"

मी हातातली ओढणी परत गळ्यात घालायला लागले. उत्तर रेवाच्या मम्मीनेच दिलं. "म्हणाल्या, घोड्याने कान मागे टाकले म्हणजे तो खुशीत असतो, तेव्हा जवळ जाऊन लाड करायचे. मी गेले ना सर, तर माझी टोपी खाल्ली त्याने!"

कर्नलसाहेबांची मिशी हलली. "बाईसाहेब, कान मागे टाकले म्हणजे घोडा चिडलेला असतो. तुमची टोपीच गेली, नशीब समजा." मग मला म्हणाले, "मला एवढंच सांगा, तुम्हाला घोडेस्वारीतलं खरंच कळतं का?"

समोर सगळे आईबाप उभे. तीन दिवस ज्यांच्यासमोर मी मिरवले तेच सगळे. आणि पलीकडे घामाने भिजलेली माझी पोरगी गोट्याच्या मानेवर हात ठेवून उभी. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, खड्ड्यात गेली माझी इज्जत.

"नाही सर," मी चांगलं मोठ्याने सांगितलं. "मला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही."

"आणि तू?" त्यांनी गौरीला विचारलं. "आईचा आवाज आला होता?"

"आला ना सर. गोरेगावपर्यंत गेला असेल. पण तुम्ही सांगितलं होतंत, नजर पुढच्या जंपवर. म्हणून मी तिकडे बघितलंच नाही."

काय सांगू तुम्हाला! घरी माझ्या एका हाकेसरशी जी ताडकन उठते, ती पोरगी मी जीव तोडून ओरडत असताना तसूभर हलली नव्हती. लाज वाटत होती ती वाटतच होती, पण त्याहून जास्त छाती फुगली माझी. ही माझी पोरगी!

कर्नलसाहेबांनी निकाल दिला. "मदत झाली असती तर बाद केलं असतं. पण हिने आईचं ऐकलं असतं, तर चुकीच्या जंपवर जाऊन आपोआप बाद झाली असती. ह्याला मदत म्हणत नाहीत. सीझनला घोडा गौरीचा." आणि रेवाची मम्मीच पहिल्यांदा हसल्या, मग सगळेच. टोपी मी त्यांना दुसऱ्या दिवशी मालाडच्या मार्केटमधून नवी आणून दिली.

घरी जाताना रिक्षात मी अगदी कानकोंडी होऊन बसले होते. म्हटलं, "गौरे, पुढच्या स्पर्धेला मी घरीच थांबते बाई."

गौरी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "नाही हां मम्मी, तू यायचंच. ओरडलीस तरी चालेल. फक्त घोड्यातलं काही शिकू नकोस. तुला खरंच कळायला लागलं ना, तर मी बाद होईन."

लेकीसाठी आईला काय काय करावं लागतं बघा. तेव्हापासून मी काहीही शिकलेले नाही.