वाटेत शिजणारी खिचडी

मुलीने ते भांडं पनवेलहून आणलं, तेव्हा मी आधी हसून घेतलं. बाहेरून जाडजूड डबा, आत स्टीलचं पातेलं. खिचडी गॅसवर दहा मिनिटं रटरटू द्यायची, उकळतं पातेलं तसंच उचलून डब्यात ठेवायचं, झाकण दाबायचं आणि गाडीत बसायचं. पुढचं शिजणं म्हणे वाटेत आपोआप.

"खाली जाळ नाही. मग काय शिजणार, माझं कपाळ?"

"आई, एकच कर. झाकण उघडू नकोस. वाफ गेली की शिजणं थांबलं."

"तेवढंच सोडून काहीही सांग तिला," खाटेवरून हे म्हणाले.

त्यांचा रोख पोपटीवर होता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सासरच्यांनी रेवदंड्याच्या वाडीत पोपटी लावली होती. मी घाटावरची. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा, हे सगळं मला नवलाचं. मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की शेंगा शिजल्या, तोवर हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. पण मी पडले बी.ए. झालेली शहाणी! सगळे गप्पांत रमलेले पाहून काठीने मडकं उलथलं आणि पाला ओढून आत डोकावले. त्या दिवशी पंधरा माणसांनी कच्च्या शेंगा चावल्या. "घाटावर दातांना धार लावून पाठवतात वाटतं," सासूबाई म्हणाल्या. हे मात्र मूठमूठ शेंगा खात बसले. मी त्याला प्रेम समजून लाजत होते. दिरांशी पैज लागली होती, हे पुढे चार वर्षांनी कळलं.

आता दर तीन आठवड्यांनी ह्यांना मुंबईच्या दवाखान्यात न्यावं लागे. मुलगी आदल्या रात्री यायची, पहाटे गाडी काढायची. औषधाची सलाईन लागण्याआधी पोटात काहीतरी हवं. तोंड आतून सोललेलं, बाहेरचं तिखट सोसत नव्हतं. दर खेपेला वजनाचा काटा खाली जायचा. चार चमचे जास्त गेले तर मला दिवाळी. म्हणून डाळिंब्या घातलेली मऊ खिचडी न्यायची ठरली.

पहिल्या खेपेला पोयनाडला मी झाकण उघडून पाहिलं, वडखळला पाहिलं, पेणला बोट घालून पाहिलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा तांदूळ दाताखाली कचकचत होता. ह्यांनी तीन चमचे कसेबसे गिळले.

"पोपटीपेक्षा बरी आहे," म्हणाले.

त्यानंतर मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागले. खिचडी लोण्यासारखी व्हायला लागली. मला तर गर्वच झाला. शेजारणींना बोलावून मी झाकणाचं शास्त्र सांगायची.

शेवटच्या खेपेला ह्यांनी दोन दिवस पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. वडखळच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. डोळे मिटून पडलेले हे एकदम म्हणाले, "अगं, उघड ना जरा. एक चमचा दे."

"अहो, अजून अर्धीच झाली असेल. कच्ची लागेल."

"लागू दे."

दोन दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच खायला मागितलं होतं. मला ते कळलंही होतं. पण डोक्यात बसलं होतं, पोचल्यावर गरम, मऊ, वाटीभर जाईल.

"आई, दे ना त्यांना," मुलगी आरशातून बघत म्हणाली.

"तूच ना सांगितलंस उघडू नको म्हणून?" मी उलट तिलाच झापलं. "आता थोडंच राहिलंय. पोचल्यावर देते."

हे हसले. "शिकलीस म्हणायची," म्हणाले आणि मान काचेकडे वळवली.

दवाखान्यात नर्सने नाडी पाहिली आणि धावपळ सुरू झाली. त्यांना आत नेलं. तोंडाने काहीही द्यायचं नाही, असं सांगितलं. तो हुकूम शेवटपर्यंत उठला नाही. आठवड्याने ते गेले.

त्यांना आत नेलं त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मुलगी सकाळपासून उपाशी होती, म्हणून मीच डबा उघडला. भसकन वाफ आली. तांदूळ मऊ, डाळिंबी अख्खी, एकही फुटलेली नाही. इतकी सुरेख खिचडी मला गॅसवरसुद्धा कधी जमली नव्हती. तिने चमचा हातात घेतला, पण तोंडात घालवेना.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

कच्ची राहिली असती तर बरं झालं असतं. निदान म्हणता आलं असतं, नाही दिली तेच बरं केलं. मी एक घास घेतला, मग दुसरा घेतला.

"छान शिजलीय," मी म्हटलं.