टपाची डावी पट्टी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी झाले. तशी मी बडबडी आहे हो. आमच्या चामटोली गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते मला विचारा! पण ह्या एका गोष्टीपाशी आलं की जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणूनच सांगता येईल बहुतेक.

गोष्ट गाडीच्या एका पट्टीची आहे. हसू नका.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, कुणा पारशी साहेबाकडून एक जुनी विलायती गाडी घेतली होती. काळी, गोलमटोल, आणि टपाच्या दोन्ही कडांना, पाणी वाहून जायच्या पन्हळीवर बसवलेली चकचकीत पट्टी. आसपासच्या गावांतले नवरदेव त्याच गाडीतून मांडवात जायचे. झेंडूच्या माळा त्या पट्टीवरून सोडायच्या, त्याही आबांनीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ. घरात गाडीला सुनेपेक्षा जास्त मान होता. आणि मी तर नवी सून.

राजू भाऊजी, माझे धाकटे दीर, तेव्हा कॉलेजात जायचे आणि उरलेला वेळ गाडीभोवती घोटाळायचे. एकदा त्यांनी गाडीचा आरसा काढून मित्राच्या मोटारसायकलला लावला होता. आबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. ते मी पाहिलं होतं... हे लक्षात ठेवा, कारण मी ते तेव्हाही लक्षात ठेवलं होतं.

एका सकाळी मी गोधड्या धुतल्या. वाळत घालायला दोरी लागणार. एक टोक शेवग्याला बांधलं. दुसरं? समोर गाडी उभी. डाव्या बाजूची पट्टी पुढच्या टोकाला जराशी उचललेली होती, तिच्याखालून मी दोरी ओवली. कशाला ओवली? आळस, दुसरं काय. ओली गोधडी म्हणजे काय वजन असतं! कर्रर्र आवाज झाला आणि अख्खी पट्टी उपटून खाली आली, विळीसारखी वाकून.

माझी पाचावर धारण बसली. सासूबाई शेतावर, आबा बदलापूरला, आमचे हे कामावर, भाऊजी कॉलेजात. आणि तेवढ्यात दारावर भंगारवाला ओरडला. त्या काळी तो जुन्या लोखंडाच्या बदल्यात लसूण द्यायचा. मी दिली त्याला पट्टी. ओच्यात लसूण घेऊन आत आले, आणि संध्याकाळसाठी त्याची चटणी वाटली. हो, वाटली.

इथवरचं सांगायला सोपं आहे. चूक कुणाकडून होत नाही? पण मला ते सांगायचं नाहीये.

आबा आले, त्यांनी पाहिलं, आणि सरळ राजू भाऊजींना हाक मारली. दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा त्यांच्या मनात आलं नाही. भाऊजी शपथा घेत होते, शेजारपाजारचे गोळा झाले होते, आणि आबांनी पायातली चप्पल काढली. तेव्हा भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही दिवसभर घरात होतात ना? सांगा ना यांना!"

आणि मी म्हणाले, "मला नाही बाई माहीत. मी आत होते."

झालं. हेच ते. एवढंच वाक्य.

त्यांनी तो मार खाल्ला. रात्री जेवले नाहीत. आबांनी मात्र चटणी दोनदा मागून घेतली. पुढच्या आठवड्यात भाऊजी अंबरनाथला मामाकडे राहायला गेले, तिथेच कारखान्यात लागले. आबा त्यांच्याशी बोलेनासे झाले. चोर तो चोर आणि वर खोटारडा, असं म्हणायचे. आमचे हेसुद्धा भाऊजींशी तुटकच वागायचे. भाऊजींचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी गाडी दिली नाही. अख्ख्या पंचक्रोशीचे नवरदेव त्या गाडीत बसले, आणि घरचा मुलगा भाड्याच्या जीपमधून मांडवात आला. घरात नणंद नाही, म्हणून करवली मीच होते. त्या जीपला माळा मीच बांधल्या.

मला सांगता आलं नसतं का? रोज आलं असतं. आबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचे पाय मीच चेपत होते, खोलीत दुसरं कुणी नसायचं. तोंडापर्यंत यायचं, आणि मी विचारायचे, "आबा, पेज आणू का?" ते गेले. राजू भाऊजींनी खांदा दिला आणि तसेच अंबरनाथला परत गेले.

आता भाऊजींच्या मुलाचं लग्न ठरलंय. आमचे हे रिटायर झाले आहेत, आणि त्यांनी मनावर घेतलं की पुतण्याची वरात आबांच्या गाडीतूनच निघणार. गाडी उल्हासनगरच्या गॅरेजला नेली. पत्रा, रंग, गाद्या, सगळं झालं. अडलं कशावर? सिंधी गॅरेजवाला म्हणाला, "साईं, टप की पट्टी भूल जाओ, ये अब कहीं नहीं मिलती." हे खट्टू होऊन घरी आले. मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले.

भाऊजींना कळलं. ते येऊन उजव्या बाजूची पट्टी नमुन्याला घेऊन गेले आणि कारखान्यात स्वतःच्या हाताने तशीच दुसरी वळवून आणली, जुन्या चादरीत गुंडाळून. परवा दोघं भाऊ अंगणात ती बसवत होते. कापड ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू, टोकापासून टोकापर्यंत. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे हसत विचारत होते, "आता तरी सांग रे, तेव्हा काय केलंस तिचं?"

भाऊजींनी पट्टीवरचा हाताचा डाग पुसला. मग म्हणाले, "दिली होती एका मित्राला. चुकलंच माझं, दादा."

माझ्या हातात ट्रे होता. ह्यांनी त्यांना जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, डोळे पुसले. "मग तेव्हाच सांगायचं ना, वेड्या! आबांनी माफ केलं असतं." भाऊजी मान हलवत होते. इतक्या वर्षांनी भाऊ मिळत होता, त्यासाठी त्यांनी न केलेली चोरी अंगावर घेतली, आणि मी दोघांच्या मधे उभी होते. मी म्हणाले, "चहा गार होतोय."

निघताना भाऊजी नेहमीसारखे माझ्या पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले नाहीत. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."