यादीतलं एकुलतं नाव

प्रमिला शेवाळे बाई कारखान्याच्या शाळेत तेवीस वर्षं क्राफ्ट शिकवत होत्या. म्हणजे मुख्यतः शाळेच्या मोडक्या खुर्च्या पोरांकडून वेताने विणून घेत होत्या. भोपाळच्या या टाउनशिपमध्ये हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे बापाचा स्टाफ नंबर असतो. त्यामुळे पोराने सकाळी काही दिवे लावले, की दुपारच्या भोंग्याआधी बापाच्या खात्यात त्याची चर्चा चहाबरोबर चघळून संपलेली असते.

यंदा वरून परिपत्रक आलं: नशा करणारे विद्यार्थी ओळखा, स्टाफ नंबरासकट यादी पाठवा. पुढे मदत काय करायची, ते लिहायला कागद पुरला नसावा.

बाईंना तीन नावं ठाऊक होती. नववीतली ती पोरं व्हाइटनर हुंगायची. त्यांनी आपणहून येऊन सांगितलं, आणि नावं खोलीबाहेर जाणार नाहीत असा बाईंनी शब्द दिला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत, ऐन तलफेच्या वेळी, तिघं वेत विणत बसायची. "हात गुंतले की नाक गप्प बसतं," हे बाईंचं वैद्यक.

पहिल्याच दिवशी एकाने विचारलं होतं, "और आपकी मिश्री, मॅडम?"

झालं! कऱ्हाडहून आलेली, भाजक्या तंबाखूच्या मिश्रीची डबी कुलपात गेली आणि बाई घरीदारी सगळ्यांवर डाफरायला लागल्या.

मुख्याध्यापक नीळकंठ सर ग्वाल्हेरचे. त्यांनी बाईंना बोलावलं. "यादी आजच पाहिजे. कोरी नाही चालणार, हां!"

बाईंनी कागद पुढे केला. एकच नाव: प्रमिला शेवाळे. नशा: मिश्री, बाराव्या वर्षापासून. सोडून अकरा दिवस. खाली स्वतःचा स्टाफ नंबर.

"ये क्या मजाक आहे? पोरांची नावं कुठायत?"

"तुम्ही बसलाय ती खुर्ची त्यांनीच विणलीय. घट्ट आहे ना? मग नावं विचारू नका."

"नोकरी जाईल, बाई!"

"जाऊ दे. वरून विचारलं तर कळवा, इलाज चालू आहे. मधल्या सुट्टीत, चार जणांवर."

सरांनी रागाने कागद तसाच लिफाफ्यात घातला.

भोंग्याआधी बातमी फुटलीच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिघं दारात घुटमळली. "मॅडम, पूरी टाउनशिप आपका नाम ले रही है."

बाईंनी दाढेखाली लवंग सरकवली.

"घेऊ देत. वेत भिजवलेत का?"