न मारलेली हाक

नदी समुद्राला मिळते तिथे वारा कधी पडत नाही. माझी लेक ईरा कमरेला भलामोठा पतंग बांधून, पायाखाली फळी घेऊन त्या वाऱ्यावर पाणी कापत निघाली होती. मी चपला हातात धरून वाळूत उभी. ओहोटी लागलेली, नदीचं पाणी बाहेर ओढत होतं. पतंग अचानक झुकला आणि मी हाक मारायला तोंड उघडलं.

"नको बाय, हाक मारू नको," शेजारी सुकट पसरणारी कोळीण म्हणाली. "पाण्यावरचं माणूस हाकेला वळतं नि तोल जातो. माझा घोव होडीत हाय, मी कधी मारत नाय."

आणि समुद्राकडे पाठ करून ती सुकट पसरत राहिली.

मी ओठ घट्ट मिटले. आजवर ईराला किती हाका मारल्या असतील! हळू, सांभाळ, पडशील. त्यातल्या किती हाकांनी ती सावरली आणि किती हाकांनी नुसती वळून थबकली, कोण जाणे.

पतंग पुन्हा वर चढला. थोड्या वेळाने ईरा निथळत, हसत आली.

"आई, आज एकदाही ओरडली नाहीस! भीती गेली वाटतं?"

"हो," म्हणाले आणि चपला दुसऱ्या हातात घेतल्या. पहिल्या तळहातावर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते.