चार वाजताचं आमंत्रण

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. ते दातांच्या कवळ्या बनवत. परदेशात आल्यावर पहिल्याच महिन्यात आपल्याकडच्या लोकांच्या मंडळात कुणीतरी विचारलं, "तुम्ही काय करता?" यांनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कवळीमास्तर!" सगळा हॉल खो खो हसला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मंडळातले बाकी सगळे कॉम्प्युटरवर काम करणारे. प्लास्टरने हात पांढरे होणारा हा एकटाच.

कामात मात्र माणूस वाघ. साच्यावर मेणाची पट्टी बसवायची, त्यात एकेक दात रोवायचा, शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायचा. एखादा दात किंचित पिवळसर, कडेला निळसर झाक असलेला, हे त्यांना खिडकीच्या उजेडात एका नजरेत कळे. कवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाई अवघड कामं त्यांच्याच टेबलावर ठेवायच्या. ठेवायच्या आणि जायच्या. "छान", "आभारी आहे", "शनिवार-रविवार चांगला जावो", एवढ्यावर सहा वर्षं गेली होती.

या सगळ्याचं मूळ नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी होतं, असं मास्तरांचं पक्कं मत. काम सुटल्यावर सगळे समोरच्या बारमध्ये जात. शेजारच्या टेबलावर साचे ओतणाऱ्या प्लास्टरवाल्याने त्यांना विचारलं होतं, "येतोस का?" नेमका त्या दिवशी लेकीला ताप. मास्तर "आज नको" म्हणाले. त्यातला "आज" बहुतेक त्यांच्या उच्चारात हरवला, कारण त्यानंतर कुणी विचारलंच नाही. दर शुक्रवारी पाच वाजता सगळे कोट चढवून खिदळत बाहेर पडत आणि मास्तर वाकून टेबल पुसत बसत, जणू फार महत्त्वाचं काम राहिलंय.

"अहो, मग तुम्हीच जा ना त्यांच्यामागे," बायको म्हणायची. ती वृद्धाश्रमात नर्स होती. तिथल्या म्हाताऱ्या तिचा हात धरून तासन्‌तास बोलत, त्यामुळे तिला या दुखण्याचं आकलनच नव्हतं.

"आगंतुकासारखा जाऊ?"

"मग बसा दातओठ खात. कारखाना तोच आहे तुमचा."

मंडळात वेगळीच तऱ्हा. तिथे बोलावणं ढीगभर, पण बोलणं तेच ते. कुणी केवढं घर घेतलं, कुणाचा मुलगा कुठल्या शाळेत, इथले लोक कसे थंड आणि हिशेबी. अध्यक्षांची बायको, सगळ्यांच्या अध्यक्षवहिनी, दर वेळी मास्तरांना म्हणायच्या, "भावजी, माझ्या सासूबाईंची कवळी जरा बघता का?" आणि सगळ्यांदेखत हातरुमालातली कवळी पुढे करायच्या. मास्तर मुकाट्याने ती घासून द्यायचे.

शेवटी एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या मनाने घेतलं. आपणच बोलवायचं, दोन्हीकडच्यांना, एकाच दिवशी. एकमेकांना बघू देत. रविवारी, चार वाजता.

तेरा वर्षांच्या लेकीने पत्रिका लिहून दिली, इथल्या भाषेत आणि आपल्या भाषेत. मास्तरांनी प्रयोगशाळेत ती एकेकाच्या हातात दिली. मुख्य बाईंनी लगेच डायरी काढून लिहून घेतलं. प्लास्टरवाला म्हणाला, "वा, नक्की!" मास्तर त्या दिवशी घरी शीळ घालत आले.

रविवारी दोन खोल्यांच्या घरात बावीस माणसांची तयारी. शेजारच्या निवृत्त टपालवाल्या बाईंकडून सहा खुर्च्या आणल्या, पलंग भिंतीला उभा केला. बायको रात्रपाळीहून आल्यापासून ओट्याशी उभी होती.

चारला घंटा वाजली. चारला म्हणजे चारला. दारात मुख्य बाई, प्लास्टरवाला आणि प्रयोगशाळेतली रंग जुळवणारी मुलगी, हातात एकेक फुलांचा गुच्छ. आत येऊन तिघं रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसले.

"बाकीचे येतीलच," मास्तर म्हणाले.

साडेचार. पाच. सरबत झालं. लेकीने शाळेतली चित्रं दाखवली. मुख्य बाईंनी पडद्यांची स्तुती केली, मग दिव्याची, मग पुन्हा पडद्यांची. बायकोने मास्तरांना स्वयंपाकघरात ओढून नेलं. "अहो, वाढू का?"

"सगळे आल्याशिवाय कसं वाढायचं? बरं दिसत नाही."

मंडळाच्या ग्रुपवर मास्तरांनी तीन मेसेज टाकले. पहिल्याला एक अंगठा आला, दुसऱ्याला "निघतोय", तिसऱ्याला काहीच नाही. इकडे प्लास्टरवाल्याच्या पोटात गुरगुरलेलं सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही असं दाखवलं.

सहा वाजता मुख्य बाई उठल्या. "फार छान वेळ गेला. तुमचे पाहुणे येतील, आम्ही अडचण करत नाही."

"अडचण कसली? जेवण आहे! बसा!"

"नाही नाही, उद्या काम आहे." तिघांनी हात मिळवले आणि जिन्याला लागले.

त्याच जिन्यावर खालून अध्यक्षवहिनी चढत होत्या, मागे अध्यक्ष, मागे पोरंबाळं धरून पंधरा जण, डब्यांसकट. जिना अरुंद. तिघं भिंतीला चिकटून उभे राहिले आणि अख्खं मंडळ त्यांच्या पायांवरून, कोटांवरून घासत वर गेलं. कुणाला कळलंही नाही की यांनाच भेटायला आपण आलो होतो.

"कुठायत तुमचे ते इथले लोक?" अध्यक्षवहिनींनी आत शिरताशिरता विचारलं.

"आत्ता जिन्यात भेटले ते."

"अय्या, ते होय! मला वाटलं वरच्या मजल्यावरचे." त्या हसल्या, सगळेच हसले. "जाऊ द्या भावजी, कशाला त्यांच्या नादी लागता? घड्याळाची माणसं ती."

मास्तरांचं डोकं फिरलं. "चार लिहिलं होतं! चार म्हणजे चार! सहा नव्हे! दोन तास ती माणसं उपाशी बसली माझ्या घरात, माझ्याकडे बघत! सहा वर्षांत पहिल्यांदा आली होती!"

कुणाच्या तरी हातातला डबा वाजला. अध्यक्षांनी घसा खाकरला, "अहो, आपल्या माणसांत कसलं आलंय चार आणि सहा?" आणि बायकोने पटकन पानं मांडायला घेतली. सगळे जेवले, पण कुणी दुसऱ्यांदा मागून घेतलं नाही. आठला घर रिकामं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर पुढच्या सहलीची चर्चा झाली आणि मास्तरांना कुणी विचारलं नाही.

सोमवारी टेबलावर आभाराचं छापील कार्ड होतं. ते बघून मास्तरांना हसू यावं की रडू तेच कळेना. ते सरळ प्लास्टरवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. "शुक्रवारी मी आलो तर चालेल?"

त्याच्या हातातला साचा तसाच राहिला. "म्हणजे काय? तूच तर नको म्हणाला होतास."

"एकदा! लेकीला ताप होता!"

"आम्हाला वाटलं, तुला आवडत नाही. मग कशाला त्रास द्यायचा?"

सहा वर्षं! मास्तर शुक्रवारी गेले. पुढच्याही गेले. बारमधल्या गोंगाटात निम्मं ऐकू यायचं नाही, ऐकू आलेलं निम्मं कळायचं नाही. ते सगळे लहानपणच्या कुठल्याशा टीव्हीवरच्या जाहिरातीची नक्कल करून डोळे पुसेपर्यंत हसत, आणि मास्तर दोन सेकंद उशिरा हसत. घरी येऊन लेकीला विचारत, "याचा अर्थ काय गं?" ती समजावून सांगे. सांगून झाल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरत नसे.

दोन महिन्यांनी प्लास्टरवाल्याने घर बदललं. "शनिवारी हात लावायला येशील?" मास्तर सगळ्यांच्या आधी हजर. कपाट चौथ्या मजल्यावर चढवताना दोघांचीही कंबर धरली, दोघं पायरीवर बसून धापा टाकत हसले, आणि त्या वेळी भाषा लागली नाही. मास्तर घरी येऊन पाठ शेकत म्हणाले, "आता झाली हो दोस्ती."

त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी प्रयोगशाळेत फोनवरचे फोटो फिरत होते. नवीन घर, दिवे, वीसेक माणसं हातात पेले घेऊन. कोपऱ्यात ते कपाट. रंग जुळवणारी मुलगीही होती फोटोत.

पूर्वीचे मास्तर असते तर टेबल पुसत बसले असते. या वेळी फोन हातात घेऊन ते प्लास्टरवाल्याकडे गेले.

"मला नाही बोलावलंस?"

तो गोंधळला. "ते... जुने मित्र होते सगळे. तू कुणाला ओळखत नव्हतास. तुला कंटाळा आला असता."

"कंटाळा येतो की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस. कपाट चढवताना विचारलं होतंस का, कंटाळा येईल का म्हणून?"

प्लास्टरवाला कानापर्यंत लाल झाला. तो वळून साच्यात प्लास्टर ओतायला लागला.

संध्याकाळी मास्तरांनी सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग? पुढे काय म्हणाला?"

"काही नाही."

"आणि शुक्रवारी जाणार?"

मास्तरांनी तिच्यासमोरची निम्मी जुडी आपल्याकडे ओढली आणि पानं खुडायला लागले. "बघू," ते म्हणाले. "त्याने विचारलं तर जाईन. नाही विचारलं तर... मीच विचारेन, मेल्याला."