अटींसह मंजूर

आमच्या अकोल्यातल्या शेजारच्या काकांइतका चटकन होकार देणारा माणूस मी पाहिला नाही, आणि कुणाच्या होकाराची लोकांनी इतकी धास्ती घेतलेलीही पाहिली नाही. काका रेल्वेच्या सुरक्षा कार्यालयातून निवृत्त झाले. रेल्वेला एखादा सुरक्षा नियम काही दिवस बाजूला ठेवायचा असला, समजा सिग्नलचं काम अर्धवट असताना नव्या रुळांवरून गाडी न्यायची असली, की सवलतीचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर येई. काकांनी नकाराची शिफारस कधी केली नाही. ते विचारत, नियम मुळात कशासाठी केला? तो पाळणार नाही तर बदल्यात काय करणार? आणि हे कधीपर्यंत? मग अटी घालत. गाडी माणसाच्या चालीनं न्यायची, पुढे झेंडीवाला चालवायचा, मुदत संपली की पुन्हा यायचं. ‘नाही म्हटलं का सायेब लोक भांडतेत,’ ते मला सांगत. ‘हो म्हना आन् अटी टाका. अर्धे तर सोताच वापस जातेत.’

निवृत्तीनंतर रेल्वे सुटली, प्रश्न घरी आले. गॅसची नळी जुनी झाली तेव्हा सून म्हणाली, ‘दोन दिवस चालू द्या, बाबा.’ काकांनी चालू दिली. अट एकच, शेगडी पेटलेली असेपर्यंत ते स्वतः सिलिंडरशेजारी स्टूल टाकून बसणार. सुनेनं नळी त्याच दुपारी बदलली. चांदूर रेल्वे गावातल्या एका लग्नात वरातीच्या वाटेवर विजेची तार खाली लोंबली होती. काकांनी वरात अडवली नाही. नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं, रोषणाईच्या छत्र्या आडव्या धरायला लावल्या, बँड बंद केला, नाच बंद केला आणि सगळ्यांना एका रांगेत पुढे सोडलं. बँडमास्तर वैतागला. ‘राजेहो, हे वरात हाय का मयत?’

‘तार ओलांडली का मंग वरात,’ काका म्हणाले.

मागच्या वर्षी काकांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली आणि किल्ली काकूंच्या कमरेला गेली. काकांची संध्याकाळ त्या किल्लीवर चालायची. स्कूटरवरून गावाबाहेरच्या फाटकावर जायचं, एक्स्प्रेस जाताना बघायची, परत यायचं. आठवडाभर ते फाटकावर गेले नाहीत. मग एके दिवशी माझ्यासमोरच त्यांनी प्रस्ताव मांडला.

‘फक्त फाटकापर्यंत जाऊन येतो. तेवढी सूट दे.’

काकू संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘डॉक्टरनं मनाई कावून केली?’

‘बाजूचं दिसत नाही म्हून.’

‘मंग बदल्यात काय करसान?’

‘हळू चालवीन. हॉर्न वाजवत जाईन.’

‘हॉर्न दुसऱ्याले आयकू येते. तुमाले बाजूनं येनारं पोट्टं कसं दिसन?’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं.

‘आन् कवापर्यंत?’ काकूंनी विचारलं.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. काका म्हणाले, ‘हे कोनं शिकवलं वं तुले?’

‘तुमीच. रोज जेवताना.’

काकूंनीही नकार दिला नाही. सूट मंजूर झाली. अट एवढीच, गाडी स्टँडवरून खाली काढायची नाही.

आता रोज संध्याकाळी स्कूटर अंगणात स्टँडवर सुरू होते. पुढे काका, मागे पदर खोचून काकू. ‘डावीकडून म्हैस येऊन राहिली,’ काकू सांगतात. काका हॉर्न वाजवतात. ‘उजवीकडून ऑटो.’ काका शिवी हासडतात. ऑटोवाल्यांवर त्यांचा राग खरा आहे. लांबून एक्स्प्रेसची शिट्टी आली की ते इंजिन बंद करतात. फाटक लागलेलं असतं. गाडीचा आवाज विरेपर्यंत दोघं तशीच बसून राहतात.

एकदा मी कुंपणावरून विचारलं, ‘काकू, ही सूट कधीपर्यंत?’

काका समोर बघत होते. बाजूला उभा असलेला मी त्यांना दिसत नव्हतो. काकूंनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

‘तेवढं नोको इचारू, बाबू,’ त्या म्हणाल्या.