कडेचा हात

आमच्या गावच्या वाचनालयाची फोटो स्पर्धा आम्ही तिघं चालवतो. चित्रकलेचे निवृत्त सर, औषधांच्या दुकानाचे काका आणि मी. पगार कुणालाच नाही, शिव्या मात्र सारख्या वाटून घेतो. नियम दोनच. स्पर्धक तालुक्यात राहणारा हवा आणि फोटो त्यानं स्वतः काढलेला हवा. पहिल्या वर्षी मुंबईची हौशी मंडळी भल्यामोठ्या लेन्स घेऊन आली आणि सगळी बक्षिसं घेऊन गेली, तेव्हा राहण्याचा नियम मीच हट्टानं घालायला लावला. परीक्षक बाहेरून बोलावतो, म्हणून आम्हा तिघांनाही फोटो देता येतो.

यंदा आई गेली. शिमगा झाला आणि पावसाच्या तोंडावर ती गेली. तेव्हापासून मला विशेष काही वाटत नाही. भात शिजतो, मी जेवते. लोक येऊन रडून गेले, मी त्यांना चहा दिला. स्पर्धेचं काम आलं तेव्हा बरं वाटलं असंही नाही, पण ते करता येत होतं.

आलेले फोटो बघता बघता एकात आई दिसली. आमच्याच घरापुढचं खळं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तशी ती आमच्या दारात नाचत होती. आई ओटीचं ताट घेऊन उभी. सगळ्यांचे डोळे पालखीकडे, आई तेवढी फोटो काढणाऱ्याकडे बघून हसत होती. देव दारात आलेला आणि हिचं लक्ष मुंबईहून आलेल्या लेकाकडे. फोटो दादाचा होता. त्यानंच स्वतःच्या नावानं पाठवला होता.

सर बराच वेळ बघत राहिले. "हा पहिला येणार," म्हणाले.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आईचा फोटो आहे. कोण काय बोलणार? राहू दे."

गेल्या वर्षी दाभोळच्या एकाचा जेटीचा फोटो मी असाच बाजूला काढला होता. तो ठाण्याला कारखान्यात नोकरीला, गणपतीला आला की फोटो काढायचा. मी फोन केला तेव्हा "बरं, ताई" एवढंच म्हणाला. प्रदर्शनाला मात्र आला, दुसऱ्यांचे फोटो नीट बघितले, चहा पिऊन गेला. त्याचीही आई इथंच राहते.

"नाही घेता येणार," मी काकांना म्हटलं.

संध्याकाळी दादाला फोन केला. नियम ऐकून तो उखडला. "पालखी माझ्या दारात नाचते ना? देवाला मी गावचा चालतो, आणि तुमच्या वाचनालयाला चालत नाय काय गो?"

"देवाचं देव बघेल. वाचनालयाचं मला बघायचं हाय."

मग हळू आवाजात म्हणाला, "बक्षीस नको गो मला. तिचा फोटो तिथं भिंतीवर लागावा, चार लोकांनी बघावा, इतकंच. शेवटी मी पोचलो नाय तिच्यापर्यंत."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खिडकीबाहेर शेजारणीनं वाळत घातलेले कपडे काढले, ते मी बघत होते.

"मग तुझ्या नावावर टाक," तो म्हणाला. "तू राहतेस ना तिथं."

"मी काढलेला नाय, दादा. मी त्या फोटोत हाय."

"कुठं?"

"कडेला बघ. तिचा दंड धरलेला हात."

तो फोटो बघत असावा. "होय गो," म्हणाला. "पण नुसता हातच तर हाय. तेवढा कापून टाकतो. मग कुणाला कळणार नाय."

शिमग्यात आईला एकटीला उभं राहता येत नव्हतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. तो यायचा म्हटलं की ती वेणी घालून, उशीला टेकून, हसऱ्या तोंडानं बसायची, आणि तो गेला की मी तिला धरून आडवी करायची.

"नको," मी म्हटलं. "हात काढलास तर ती पडेल."

पलीकडे तो रडायला लागला. उजव्या हातानं मी फोन तिचा दंड धरल्यासारखा घट्ट धरला होता, तो डाव्या हातात घेतला.